दर तीन आठवड्यांनी फॅट उतरते, शेण पातळ होतं : औषध बदलण्याआधी गव्हाणीची वेळ तपासा

आमचा गोठा शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या पट्ट्यात. नऊ दुभत्या संकरित गायी, दोन कालवडी आणि सासूबाईंनी हट्टाने ठेवलेली एक खिलार. गेल्या वर्षी सात महिने आमच्याकडे एकच दुखणं फिरून फिरून येत होतं. आधी दोन-तीन गायींचं शेण पातळ व्हायचं. मग एखादी गाय पेंडीला तोंड लावून मागे सरायची आणि दुसऱ्या दिवशी परत खायला लागायची. त्यानंतर डेअरीच्या पावतीवर फॅट उतरायची. ३.९ ची ३.६, मग ३.४, एकदा तर ३.२ लागली. आठ-दहा दिवसांत सगळं जागेवर यायचं, आम्ही हुश्श करायचो, आणि महिना भरायच्या आत परत तेच.

गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून ठरतो, त्याखाली पॉइंटपॉइंटला पैसे कापले जातात. नऊ गायींचं दूध एकाच कॅनमध्ये जातं, त्यामुळे तीन गायींचं पोट बिघडलं की मार नऊच्या नऊ गायींच्या दुधावर बसतो. ज्यांच्या गोठ्यात हे असं येतं-जातं, गाय धड आजारीही दिसत नाही आणि धड बरीही नसते, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही आधी काय काय करून बसलो

पहिल्यांदा जंतनाशक दिलं. फॅट सुधारली. आम्हाला वाटलं, जंतच होते. तीन आठवड्यांनी परत पडली, तेव्हा लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणल्या. पुन्हा सुधारली. मग पेंडीवर संशय आला. सात महिन्यांत आम्ही तीन कंपन्यांची गोळी पेंड बदलली आणि दर वेळी नवी पेंड आठवडाभरात ‘लागू पडली’. शेवटी खाण्याचा सोडा चालू केला, त्यानेही गुण आला.

माणूस फसतो तो इथेच. जे आपोआप आठ-दहा दिवसांत बरं होणार आहे, त्यावर काहीही दिलं तरी त्याला यश येतं. चार वेगवेगळ्या गोष्टींनी एकच दुखणं बरं होत असेल, तर बरं करणारं त्या चौघांपैकी कुणीच नाही, हा विचार आम्हाला फार उशिरा सुचला. डॉक्टर दोनदा येऊन गेले, तेही नेमके दुपारी आणि दुखणं उतरणीला लागलेलं असताना. त्या वेळी गव्हाणीत सगळं जागच्या जागी होतं. त्यांना दिसणार तरी काय?

उलगडा झाला तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आमचे हे रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणून कॅलेंडरच्या चौकोनांत आम्ही पहिली, दुसरी, रात्र अशी खूण आधीच करून ठेवतो. दर दहा दिवसांच्या बिलात फॅटची सरासरी बघून काही कळत नव्हतं, म्हणून एके रात्री सगळ्या पावत्या घेऊन बसले आणि रोजची सकाळची फॅट त्याच चौकोनांत लाल पेनाने लिहीत गेले. तीन महिने लिहून झाले तेव्हा चित्र दिसलं. फॅट दर एकवीस दिवसांनी खाली येत होती. उतरायला सुरुवात पहिल्या शिफ्टच्या शुक्रवारी-शनिवारी व्हायची आणि सगळ्यात खाली असायची ती पुढच्या, म्हणजे दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात. रात्रपाळी लागली की सुधारलेली.

आम्ही मात्र इतके दिवस ज्या आठवड्यात फॅट कमी दिसते त्याच आठवड्याचा चारा तपासत होतो. खाण्यातल्या बिघाडाचा परिणाम शेणावर दोन-तीन दिवसांत दिसतो, पण फॅटवर पुरता उतरायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि सावरायलाही तेवढेच किंवा जास्त. त्यामुळे आज पावतीवर फॅट पडलेली दिसली, तर गेल्या आठवड्यात गव्हाणीत काय झालं ते आठवायचं. एवढं एक वाक्य आम्हाला सात महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बराच पैसा वाचला असता.

पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात वेगळं काय होत होतं

एरवी आमच्याकडे सकाळी सहाला कुट्टी, म्हणजे यंत्रावर बारीक कापलेली वैरण, पडते, पाऊण तासाने धारा, आणि धारेच्या वेळी निम्मी पेंड. पहिली शिफ्ट असली की ह्यांना सव्वापाचला घर सोडावं लागतं आणि जाताना कॅन तेच गाडीवर नेतात. म्हणून धारा चार वाजता. त्या वेळी कुट्टी करायला सवड नसते. गव्हाण रात्री नऊपासून रिकामी. गाय हलू नये, पटकन पान्हा सोडावा, म्हणून पुढ्यात घमेलं भरून पेंड ठेवायची. वैरण पडायची ती उजाडल्यावर, आठच्या सुमारास.

मी ते घमेलं वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. साडेचार किलो. एरवी एका वेळेला तीन किलो जाते. म्हणजे सात तास उपाशी असलेल्या गायीच्या पोटात, वैरणीची एक काडीही नसताना, साडेचार किलो भरडा-पेंड दहा मिनिटांत उतरत होती, आणि हे सात दिवस रोज. दिवसभराची एकूण पेंड तीच, कंपनी तीच, चाराही तोच. बदलला होता तो फक्त क्रम आणि वेळ.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, आधी वैरण, मग आंबोण, हे मी तुला आल्याआल्याच सांगितलं होतं.” खरंच सांगितलं होतं. तेव्हा मला ती जुनी रीत वाटली होती.

पोटात नेमकं काय घडतं

गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. आपल्या पोटासारखं पाचक रस सोडणारं पोट म्हणजे चौथं. पहिलं, कोटीपोट, ही एक मोठी टाकी आहे. मोठ्या गायीत ती शंभर ते दोनशे लिटरची असते आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू तिनेच व्यापलेली असते. ज्यांच्या दारात गोबरगॅस आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आत हवा नाही, ऊब कायम, डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जंतू, रोज ठरावीक माल आत, आणि गॅस बाहेर. गाय तो गॅस ढेकरांवाटे सोडते.

कडब्यातला काष्ठतंतू गायीला स्वतःला पचवता येत नाही. तो हे जंतू कुजवतात आणि त्यातून आम्लं तयार होतात. गायीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा, साधारण साठ-सत्तर टक्के, या आम्लांतूनच येतो. वैरणीतून ॲसेटिक आम्ल जास्त तयार होतं आणि दुधातली फॅट बनवायला कास तेच वापरते. मका, भरडा, पेंड यांतून प्रोपिओनिक आम्ल जास्त निघतं. त्याची यकृतात साखर होते आणि तिच्यावर दुधाचं माप वाढतं. म्हणून पेंड वाढवली की लिटर वाढतात आणि वैरण घटली की फॅट घटते. शिवाय हे जंतू पोटातून पुढे वाहत जाऊन खऱ्या पोटात मरतात आणि गायीला त्यांच्यापासूनच प्रथिनं मिळतात. आतड्यात पोहोचणाऱ्या प्रथिनांत बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त वाटा जंतूंचा असतो. आपण गव्हाणीत टाकतो ते आधी जंतूंचं जेवण आहे. गायीचं ताट नंतर वाढलं जातं.

आता आम्लं तयार होतात तर पोट आंबट का होत नाही? लाळेमुळे. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ तयार करते, म्हणजे दहा घागरी तरी. त्या लाळेत सोडा असतो, तोच जो आपण शंभर-शंभर ग्रॅम विकत आणतो. पण ही लाळ सुटते चावताना आणि रवंथ करताना. लांब काडीची वैरण असेल तर ती कोटीपोटात वर तरंगते, पोटाच्या भिंतीला टोचते आणि गाय ती परत तोंडात आणून चावते. निरोगी गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. पेंडीला चावावं लागत नाही. ती गिळली की थेट तळाशी जाते आणि भराभर आंबते. म्हणजे रिकाम्या पोटी पेंड गेली, तर आम्ल एकदम तयार होतं आणि ते मारायला लाळ नसते.

कोटीपोटाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ६ ते ७ च्या दरम्यान हवा; आकडा जितका खाली तितकं पोट आंबट. तो रोज काही तास साडेपाचच्या आसपास किंवा त्याखाली राहायला लागला की काष्ठतंतू पचवणारे जंतू आधी गळपटतात. मग खाल्लेली वैरणही धड पचत नाही, फॅट उतरते, शेण पातळ पडतं. गाय स्वतःच एखादी वेळ पेंड सोडते, तेवढ्यात पोट जरा सावरतं आणि ती परत खाते. ‘एक दिवस खाते, एक दिवस नाही’ याचं कारण हे. मुरघासाच्या खड्ड्यात आपण मुद्दाम चारा आंबवतो, पीएच चारपर्यंत उतरवतो, म्हणून चारा वर्षभर टिकतो. तशी आंबण कोटीपोटात होऊ लागली तर गाय टिकत नाही.

सासूबाईंच्या काळात हे दुखणं फारसं का नव्हतं, याचाही मी विचार केला. त्यांच्या गावरान गायी दोन-तीन लिटर द्यायच्या, त्यांना ओंजळ-दोन ओंजळ सरकी पुरायची. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली, होल्स्टिन आणि जर्सीच्या संकराचं काम आपल्या जिल्ह्यात रुजलं, आणि दारातली गाय बारा-पंधरा लिटरवर गेली. आमच्यासारख्या कितीतरी घरांचा संसार त्या दुधावर उभा आहे. पण दूध चौपट झालं म्हणून कोटीपोट चौपट झालं नाही. पेंड ओंजळीवरून सहा किलोवर गेली आणि खाऊ घालायची रीत मात्र सैल झाली.

आपल्या गोठ्यात हेच आहे का, ते कसं ओळखायचं

सगळ्यात आधी रवंथ बघा. वैरण पडून दोन तास झाले की गोठ्यात जाऊन नुसतं उभं राहा, गायींना उठवू नका. बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असायला हव्यात. त्या दिवसांत आमच्याकडे सातांतल्या दोन करत होत्या. मग एक गाय निवडून तिच्या गळ्याकडे बघा. घास वर येताना मानेतून लाट चढलेली स्पष्ट दिसते. तो घास गिळेपर्यंत जबडा किती वेळा फिरतो ते मोजा. पन्नास-साठ वेळा फिरला तर ठीक. आमची चांदी बत्तीस-पस्तीसला गिळत होती, आणि दोन घासांच्या मधे शून्यात बघत बसायची. मोजायला सुरुवात केली तो दिवस मला आठवतो, कारण त्याआधी सहा वर्षं ती गाय रोज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी हे कधी पाहिलंच नव्हतं.

मग डाव्या भकाळीत मूठ दाबून धरा, शेवटच्या बरगडीच्या मागे जो खळगा असतो तिथे. दोन मिनिटं हात हलवू नका. आतून एक संथ लाट मुठीला वर ढकलते आणि ओसरते. दोन मिनिटांत अशा दोन ते चार लाटा यायला हव्यात. एकच आली किंवा नुसती थरथर जाणवली तर पोट मंदावलं आहे.

शेणाची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, पण मी त्यात एक भर घालते. पीठ चाळायची जुनी चाळण गोठ्यासाठी ठेवा. मूठभर ताजं शेण तिच्यात घेऊन नळाखाली धुवा, पाणी स्वच्छ पडेपर्यंत. चाळणीत काय उरतं ते हातावर घ्या. बोटाच्या पेराएवढ्या न पचलेल्या काड्या, मक्याचे अर्धे अर्धे दाणे, शेंबडासारखे चिकट तुकडे दिसले तर अन्न कोटीपोटात न थांबता पुढे ढकललं गेलं आहे. चांगल्या शेणाचा पो तीन-चार सेंटिमीटर उंच राहतो आणि मधे खळगा पडतो. आमच्याकडे त्या आठवड्यात तो पसरट पडायचा, राखाडी-पिवळा, वर बुडबुडे, आणि वास आंबूस.

आणि एक हिशेब. डेअरीत नेहमी सगळ्यांचं मिसळलेलं दूध तपासलं जातं. संकलनावरच्या माणसाला विनंती करून एक दिवस प्रत्येक गायीचं दूध वेगवेगळ्या बाटलीत न्या. नमुना पूर्ण धार काढून झाल्यावर, नीट ढवळून घ्या. पहिल्या धारांना फॅट कमी लागते आणि शेवटच्या धारांना सगळ्यात जास्त, त्यामुळे अर्धवट काढलेल्या दुधाचा नमुना दिशाभूल करतो. शेवटचं दूध वासराला सोडण्याची रीत असेल तर फॅट कमी लागण्याचं कारण कदाचित तेवढंच असेल. धारांमधलं अंतरही बघा. चौदा तासांनी काढलेलं दूध मापाला जास्त आणि फॅटला कमी भरतं, दहा तासांनी काढलेलं उलट. एका वेळचीच फॅट कमी असेल आणि दुसऱ्या वेळची चांगली असेल, तर पोटाकडे जाण्याआधी घड्याळाकडे बघा.

आम्ही काय बदललं

पहिली शिफ्ट तर बदलता येत नव्हती. म्हणून रात्री साडेनऊला, झोपण्याआधी, प्रत्येक गायीपुढे दोन किलो कडबा टाकायला सुरुवात केली. कुट्टी न करता, नुसता हाताने दोन-तीन ठिकाणी मोडून. पहाटे चारला गव्हाणीत थोडा उरलेला असतोच. तो नसेल तर आधी मूठ-दोन मूठ सुकी वैरण आणि वीस मिनिटांनी पेंड. तेवढ्या वेळात कास धुणं, भांडी मांडणं होतं. घमेलं बंद करून एक डबा मापाचा ठरवला, दोन किलोचा. पेंड आता तीन वेळा जाते, पहाटे, दुपारी कुट्टीत मिसळून आणि संध्याकाळी. एका वेळेला अडीच-तीन किलोच्या वर कधीच नाही.

पेंड किती द्यायची याचा ढोबळ हिशेब असा : गायीच्या अंगासाठी एक ते दीड किलो, वर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे चारशे ग्रॅम. म्हशीला लिटरमागे अर्धा किलो. बारा लिटरच्या गायीला सहा किलोच्या आसपास. पण हा हिशेब एकट्याने चालत नाही. गायीला वजनाच्या साधारण तीन टक्के कोरडा माल, म्हणजे पाणी वगळून चारा-पेंड मिळून, रोज लागतो. आमची चांदी साडेचारशे किलोची, म्हणजे तेरा-चौदा किलो. वीस किलो हिरवी मका टाकली की आपल्याला भारा मोठा वाटतो, पण त्यात पंधरा-सोळा किलो पाणीच असतं, कोरडा माल चार-पाच किलो. कडबा पाच किलो टाकला तर साडेचार किलो हाती लागतो. त्यावर सहा किलो पेंड. कडबा महाग झाला म्हणून तो दोन किलोवर आणला आणि भूक भागवायला पेंड वाढवली, की पेंडीचा वाटा निम्म्यावर जातो आणि पोट आंबायला लागतं. पैसे वाचवायचे असतील तर आमच्या अनुभवाने कडबा ही शेवटची जागा.

दुसरी गोष्ट कुट्टीची. आमचं नवं यंत्र इतकी बारीक कुट्टी पाडत होतं की हातात घेतल्यावर भुश्यासारखी गळायची. गायी ती आवडीने खात, वाया काही जात नसे, म्हणून आम्ही खूश होतो. पण अशा कुट्टीत टोचणारी काडीच उरत नाही. गिअर बदलून कुट्टी दोन ते अडीच सेंटिमीटरवर आणली. आता गव्हाणीत थोडी धाटं उरतात, ती मी दुपारी परत हलवून देते.

तिसरी, चारा बदलताना घाई नाही. ऊसतोड चालू झाली की आपल्याकडे वाढं (उसाचे हिरवे शेंडे) स्वस्त मिळतं आणि एका रात्रीत गव्हाण मक्यावरून वाढ्यावर जाते. जंतूंना नव्या चाऱ्याला रुळायला दहा-पंधरा दिवस लागतात. आता आम्ही पहिले तीन-चार दिवस चौथा हिस्सा, मग निम्मा, मग पाऊण असं करत जातो. वाढ्याबद्दल आणखी एक : त्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. हत्ती गवतातही असतं. नुसत्या वाढ्यावर महिने काढले तर गायीचं हाड झिजतं, म्हणून त्या दिवसांत खनिज मिश्रण चुकवायचं नाही आणि वाढ्याबरोबर दुसरी वैरण हवीच.

शहराला लागून असलेल्या गोठ्यांत उरलेला भात, ब्रेडचे तुकडे, मार्केट यार्डातला भाजीचा पाला जनावरांना जातो. त्याला नावं ठेवायची नाहीत, जागा नाही तिथे चारा कुठून आणणार? फक्त भात आणि ब्रेड हे पोटात पेंडीपेक्षाही झपाट्याने आंबतात. ते वैरण म्हणून मोजू नका, पेंड म्हणून मोजा, आणि रोज सारखंच मिळत नसेल तर मिळेल त्या दिवशी भरपूर घालू नका.

सोडा आम्ही बंद केला नाही, पण त्याची जागा बदलली. चारा बदलतानाचे दहा दिवस, गायीमागे शंभर ग्रॅम, दोन वेळच्या पेंडीत वाटून. बाकी दिवस गाईने स्वतःची लाळ स्वतः तयार करावी. पाणी दिवसभर समोर हवं. दुधाच्या दर लिटरला चार-पाच लिटर पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त.

पहिल्या आठवड्यात काहीच सुधारलं नाही. फॅट होती तिथेच. घरात सगळ्यांचा धीर सुटत चालला होता, हे तर म्हणाले, “आपण परत ती जुनीच पेंड आणू.” शेण मात्र चौथ्या दिवशीच आवळलं होतं, त्या एका गोष्टीवर मी तग धरला. तिसऱ्या आठवड्यात सकाळची फॅट ३.८ लागली. त्यानंतरची पहिली शिफ्ट आली आणि गेली, ३.७ च्या खाली आकडा आला नाही.

हे नसेल तर

सारखी दिसणारी दुखणी वेगळी ओळखावी लागतात. नुकती व्यालेली गाय पेंड सोडून कडबा खात असेल, झपाट्याने रोडावत असेल आणि तिची फॅट उलट वाढलेली असेल, तर ते कीटोसिस, म्हणजे अंगातली चरबी भराभर जळून होणारं दुखणं, असू शकतं. तिला पेंड कमी करणं हा उपाय नाही, डॉक्टर लागतात. एकच गाय वारंवार फुगत असेल, उठताना-बसताना कण्हत असेल, पाठ वाकवून उभी राहत असेल, तर जाळीपोटात तार किंवा खिळा अडकल्याचा संशय घ्या. बांधकाम चालू असलेल्या घरांच्या गोठ्यात हे जास्त होतं. एप्रिल-मेच्या उन्हात धापणाऱ्या गायी रवंथ कमी करतात आणि फॅट थोडी उतरते, तिथे आधी सावली आणि वारा.

आणि गाय पोत्यात तोंड घालून भरडा खाऊन बसली, लग्नातला उरलेला भात किंवा पोळ्याला पुरणपोळ्या बेसुमार गेल्या, तर ते हे हळूहळू चालणारं दुखणं नाही. काही तासांत पोट थांबतं, शेण पाण्यासारखं आणि घाण वासाचं होतं, डोळे खोल जातात, जनावर झोकांड्या देतं आणि बसतं. तेव्हा घरगुती काढे करत बसू नका. बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराला तेल-पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊन जनावर दगावतं. डावी भकाळी ढोलासारखी वर आली तरीही तसंच, लगेच डॉक्टर. जवळचा दवाखाना लागत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी फोन करता येतो.

आमच्याकडे एक गोष्ट अजून निस्तरायची आहे. पोटात असं वारंवार आम्ल झालं की त्याचा त्रास खुरांनाही होतो, आणि खुरांचं दुखणं पोट बरं झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी वर येतं. चांदी मागच्या उजव्या पायावर भार देत नाही, खुराच्या वरच्या कडेला आडव्या रेघा उमटल्या आहेत. खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतं, त्यामुळे ती रेघ खाली सरकून जायला वर्ष जाईल. खुरं साळणारे शनिवारी येणार आहेत. तोवर तिला कोब्यावरून काढून मागच्या मोकळ्या अंगणात मातीवर बांधली आहे, आणि तिथे ती दुपारी बसून घासामागे चौपन्न-पंचावन्न वेळा चावते.